खुर्ची आणि तिची नोंद

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या घराची वाटणी होते, तेव्हा जमीन, दागिने आणि ठेवी यांची यादी काटेकोरपणे केली जाते. ओसरीवरील शिसवी वा सागवानी खुर्ची मात्र त्या यादीत सहसा येत नाही. कोणालाच नको असलेली ती वस्तू अखेर जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जाते. ती कोणी घडविली, कोणासाठी घडविली, ही माहितीही त्याच दिवशी लोप पावते. यवतमाळ हा सागवानाचा जिल्हा. लाकडाचा भाव येथे सर्वांना ठाऊक आहे. परंतु भाव आणि मूल्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ऐतिहासिक घरांत जतन झालेल्या खुर्च्यांवरून हा भेद चांगला स्पष्ट होतो.

अठराव्या शतकात इटलीतील हर्क्युलेनियम (१७३८) आणि पॉम्पेई (१७४८) या ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या नगरांचे उत्खनन सुरू झाले. त्यामुळे युरोपात प्राचीन ग्रीक-रोमन घडणीचे आकर्षण वाढले आणि ‘नवअभिजात’ शैली उदयास आली. त्यापूर्वीच्या खुर्च्यांचे पाय वळणदार आणि नक्षी भरगच्च असे. नव्या शैलीत पाय सरळ व खाली निमुळते झाले. मंदिराच्या स्तंभांवर असाव्यात तशा उभ्या पन्हळी त्यांवर कोरल्या जाऊ लागल्या. पाठीवर कलश, पानांची माळ किंवा तंतुवाद्य यांचे मोजके कोरीवकाम आले. नक्षीच्या विपुलतेपेक्षा प्रमाणबद्धतेला मान मिळाला.

लंडनजवळील ऑस्टर्ली पार्क हे घर या शैलीसाठी प्रसिद्ध आहे. चाइल्ड या पेढीवाल्या घराण्याचे हे निवासस्थान १७६१ पासून रॉबर्ट ॲडम या वास्तुशिल्पज्ञाने नव्याने सजविले. तेथील भोजनदालनातील खुर्च्यांच्या पाठी ‘लायर’ या ग्रीक तंतुवाद्याच्या आकाराच्या आहेत. १७८२ मध्ये रॉबर्ट चाइल्ड यांचे निधन झाले आणि घरातील वस्तूंची दालनवार यादी करण्यात आली. १९४९ मध्ये हे घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. कोणती वस्तू कोणत्या दालनात होती, हे त्या जुन्या यादीमुळे आजही सांगता येते. सुंदर खुर्च्या इतरत्रही आहेत. ऑस्टर्लीच्या खुर्च्यांना त्यांचा कागद लाभला आहे.

युरोपातील या आवडीनिवडी जहाजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आल्या. पोर्तुगालमध्ये नवअभिजात वळणाचे फर्निचर राणी मारिया पहिली (राज्यकाल १७७७–१८१६) हिच्या नावाने ओळखले जाते. गोव्यातील सुतारांनी युरोपीय घाट स्थानिक शिसवी लाकडात उतरवले आणि दमट हवेला मानवेल अशी वेताने विणलेली बैठक दिली. आकार परका, हात मात्र येथल्या कारागिराचा, असा हा संयोग होता.

साष्टी तालुक्यातील चांदर येथील ब्रागांझा घराण्याच्या विस्तीर्ण घरात असे कोरीव फर्निचर पाहावयास मिळते. घराण्याचे कुलचिन्ह कोरलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या पोर्तुगालचा राजा दों लुईश (राज्यकाल १८६१–१८८९) याने दिलेल्या आहेत. ‘ओ हेराल्दो’ या दैनिकाच्या स्थापनेत सहभागी असलेले निर्भीड पत्रकार लुईश द मेनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) याच घरातले. गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा त्यांनी १९३० मध्ये विधिमंडळात पुरस्कार केला. पुढे, गोवा मुक्त होण्यापूर्वी, कुटुंबीयांना घर सोडावे लागले. मुक्तीनंतर ते परतले तेव्हा घर आणि सामान बव्हंशी सुरक्षित होते. घराचे दोन शाखांत दोन भाग झालेले आहेत; तरीही वस्तू आपल्या जागी राहिल्या आणि त्यांची हकीकत सांगणारी माणसेही राहिली. तीच खुर्ची या घरातून निघून एखाद्या दुकानात गेली, तर तिचे लाकूड आणि कोरीवकाम तेच राहील. राजाची भेट आणि पत्रकाराचे घर मात्र मागे सुटेल.

आपल्याकडील ओसरीवरची खुर्ची राजाने दिलेली नसेल. परंतु तिची नोंद ठेवण्याची रीत तीच आहे. खुर्चीची समोरून, बाजूने व उलटी करून छायाचित्रे घ्यावीत. बैठकीच्या खालच्या अंगाला सुताराची खूण किंवा आकडा कित्येकदा सापडतो. लाकडाचा प्रकार, उंची-रुंदी, घरात केव्हा आली, कोण बसत असे, दुरुस्ती केव्हा झाली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहावे. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच नोंदवावे. जुना पृष्ठभाग घासून नवे चकचकीत पॉलिश चढविण्याची घाई करू नये. त्यात कोरीवकामाच्या कडा झिजतात आणि वयाच्या खुणा पुसल्या जातात. वेत तुटला असल्यास तो जाणकाराकडून पुन्हा विणून घ्यावा.

वाटणीत खुर्ची एकाच भावाकडे जाणार, हे उघड आहे. नोंदीच्या प्रती मात्र सर्व भावंडांकडे जाव्यात, आणि मूळ कागद खुर्चीबरोबर राहावा.