तेरावा महिना

देश सोडून, जीव वाचवून आलेल्या कुटुंबाला सांभाळायचं कुणी? आपण सहज म्हणतो, सरकारनं. कॅनडानं १९७० च्या दशकाच्या अखेरीस कायद्यात वेगळीच सोय केली. कुणीही पाच जणांनी एकत्र यावं, पैसे उभे करावेत आणि एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घ्यावी! त्यातलं तत्त्व तर आणखी विलक्षण: लोकांनी असं आणलेलं कुटुंब सरकारच्या आकड्यात धरायचं नाही, ते त्याहून जास्तीचं. म्हणजे पाच माणसांनी मनावर घेतलं, की आधी नसलेली एक जागा तयार व्हायची.

१९७९-८० मध्ये व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून निसटलेले सुमारे ६०,००० लोक कॅनडात आले. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची जबाबदारी चर्चच्या मंडळींनी, शेजाऱ्यांनी, मित्रांच्या गटांनी घेतली होती. संयुक्त राष्ट्रांचा नान्सेन पुरस्कार १९८६ साली थेट कॅनडाच्या जनतेला मिळाला. पुढे सिरियातली कुटुंबं येऊ लागली, तेव्हा त्यांना आधार देणाऱ्यांत एकेकाळी व्हिएतनामहून आलेले निर्वासितही होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र तुंबलेल्या अर्जांमुळे पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं सरकारनं थांबवलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जबाबदारी घेणारा गट करतो काय? थंडीचे कोट घेऊन विमानतळावर जातो. भाड्याचं घर, शाळेतला प्रवेश, डॉक्टर, बँकेचं खातं, बसचा मार्ग, सगळं सोबत राहून लावून देतो. बारा महिने झाले की पैशांची जबाबदारी संपते. पुढच्या काळाला ही मंडळी 'तेरावा महिना' म्हणतात.

या तेराव्या महिन्यात घरातल्या मुलाकडे बघा. ते मैदानात इंग्रजीत भांडतं, दुकानात आईसाठी दुभाष्या होतं. सगळ्यांना वाटतं, रुळलं! टोरांटोचे शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांची माहिती तपासली, तेव्हा वेगळंच दिसलं. बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते. पण अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतरांना गाठायला बहुधा पाच ते सात वर्षं लागतात. कारण खेळताना चेहरे, हातवारे, समोरचा चेंडू यांची मदत असते. बाष्पीभवनाच्या धड्यात नुसते शब्द असतात. शिवाय वर्गातली बाकीची मुलं काही थांबलेली नसतात. त्यांचीही भाषा दरवर्षी पुढे सरकते. अशा वेळी चुणचुणीत मुलाला कुणी 'अभ्यासात कच्चं' ठरवलं, तर तो केवढा अन्याय!

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे घरची भाषा सोडल्यानं हे अंतर कमी होत नाही. पाण्याची वाफ कशी होते हे अरबीत कळलेल्या मुलाला ते इंग्रजीत पुन्हा समजून घ्यावं लागत नाही, फक्त नवे शब्द जोडावे लागतात. म्हणून आजीनं घरात अरबीतच गोष्टी सांगाव्यात, आईबापांनी अरबीतच वाद घालावेत. आणि दवाखान्यात दुभाष्या मोठा माणूसच हवा. आईच्या दुखण्याचं निदान नऊ वर्षांच्या लेकरानं तिला समजावून सांगायचं, हे ओझं त्याच्यावर कुणीच टाकू नये.

वर्षभराची जबाबदारी संपल्यावरही कितीतरी गटांचं त्या घरी येणंजाणं सुरूच राहतं. कुणी शाळेच्या पालकसभेला आईसोबत जातं, कुणी संध्याकाळी मुलाला विज्ञानाचा धडा समजावून देतं.