खिशातील मुकादम



मोबाइल फोन ह्या विषयावर कामगार चळवळीतील माणसाने काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. एखादा अभियंता किंवा प्राध्यापक बोलवावयास हवा होता, असेही कोणी म्हणेल. परंतु फोनचा जो भाग मला सांगावयाचा आहे तो यंत्राचा नसून हजेरीचा आहे. आणि हजेरीपट कोणी लिहावा, कोणी वाचावा आणि त्यावरून कोणाची मजुरी कापली जावी, ह्या प्रश्नांतच माझी उमेद गेली आहे.

गंगाखेड, सोनपेठ, पालम ह्या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळीतील प्रत्येक कोयत्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल किती घेतली हे त्याला ठाऊक असते. फिटली किती, ह्याबद्दल मात्र तंटा होतो. तरीही तो मुकादम डोळ्यांपुढे असतो, त्याच्या वहीशी भांडता येते. आपल्या खिशात जो मुकादम येऊन बसला आहे त्याची वही आपल्याला दिसत नाही. किंबहुना आपण उचल घेतली आहे, हेच पुष्कळांना माहीत नसते. नकाशा फुकट, टपाल फुकट, सिनेमा आणि गाणी फुकट, निरोप फुकट. ह्या फुकटाचा हिशेब कोठे मांडला जातो, तेवढेच आज पाहावयाचे आहे.

गूगल कंपनी आणि फेसबुक व व्हॉट्सॲप ह्यांची मालक असलेली मेटा कंपनी, ह्या दोघींचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींचे आहे. जाहिरात ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्या गावातील वर्तमानपत्रात बियाण्याची जाहिरात येते, ती ज्याच्या हाती पेपर पडेल त्याने वाचावी. ज्याला शेत नाही त्याच्यापुढे ती वाया जाते. नव्या व्यापाऱ्याला हे वाया जाणे मान्य नाही. त्याला हवा आहे तोच माणूस, ज्याने काल रात्री सोयाबीनच्या किडीविषयी विचारले, जो आज सकाळी मोंढ्यात गेला होता आणि ज्याच्या घरात लग्नाची खरेदी चालू आहे. ही माहिती दुसऱ्या कोणाकडून विकत घ्यावी लागत नाही. ती त्या माणसाचाच फोन पुरवतो.

हे कसे घडते, ते थोडे सविस्तर सांगतो. आपल्याकडील बहुतेक फोन अँड्रॉइडवर चालतात. गूगलने अँड्रॉइड 2005 मध्ये विकत घेतले आणि त्यावरचा पहिला फोन 2008 मध्ये बाजारात आला. अँड्रॉइडचे दोन थर आहेत. खालचा थर मुक्त आहे. त्याची रचना जगात कोणीही वाचावी, बदलावी आणि वापरावी. वरचा थर गूगलच्या खाजगी सेवांचा आहे आणि तो बंद आहे. फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी हा वरचा थर, गूगलच्या सर्व ॲप्ससह, आधीच भरून द्यावा अशा अटी घातल्या गेल्या. म्हणूनच आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, तरी मार्च 2023 मध्ये दंड कायम ठेवला. दोन थरांची ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सुटकेची वाटही तेथूनच जाते.

प्रत्येक अँड्रॉइड फोनला जाहिरातीपुरता एक क्रमांक दिलेला असतो. गिरणीत कामगाराला जसा बिल्ला असे, तसा हा बिल्ला. आपण एका ॲपवर चपला पाहिल्या, दुसऱ्यावर बातमी वाचली आणि तिसऱ्यावर औषध शोधले. ही तिन्ही ॲप्स निरनिराळ्या मालकांची असली तरी बिल्ला एकच असल्यामुळे तिन्ही नोंदी एकाच पानावर जाऊन बसतात. नाव लिहिण्याची गरजच पडत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक डग्लस लीथ ह्यांनी 2021 मध्ये मोजमाप करून दाखवले की, फोन नुसता पडून असला तरी सरासरी दर साडेचार मिनिटांनी तो आपल्या मूळ कंपनीकडे काही ना काही पाठवतो. म्हणजे दिवसातून सुमारे 320 वेळा. ॲपलचा फोनही ह्यातून सुटलेला नाही, मात्र अँड्रॉइड फोन गूगलला पाठवतो ती माहिती त्याच्या सुमारे वीस पट भरली.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. उपग्रह आपल्याला पाहत असतो असे पुष्कळ जण समजतात. उपग्रह आपल्याकडे पाहत नाही. तो फक्त वेळ सांगणारा संकेत सोडतो. फोन तो ऐकतो आणि आपली जागा स्वतःच काढतो. काढलेली जागा पुढे कोणाला कळवावयाची, हा सगळा कारभार फोनमधील ॲप्सचा. शिवाय आसपासच्या वायफाय यंत्रांच्या नावांवरूनही जागा कळते. 2018 मध्ये असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने उघडकीस आणले की, ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केल्यावरही गूगलच्या दुसऱ्या एका खात्यात जागेची नोंद होतच होती. ह्या प्रकरणी अमेरिकेतील चाळीस राज्यांशी गूगलने नोव्हेंबर 2022 मध्ये 39 कोटी 15 लाख डॉलरांची तडजोड केली. तेव्हा एक कळ दाबली की दार बंद झाले, असे समजू नये.

आता नेहमीचा आक्षेप. ‘माझ्याजवळ लपवण्यासारखे आहेच काय?’ सभांमधून हा प्रश्न मला शंभर वेळा विचारला गेला आहे, आणि विचारणारे बहुधा सरळ मनाचे असतात. त्यांना मी उलट विचारतो, मतदानाच्या वेळी आडोसा कशाला लागतो? आपण काही चोरी करीत नसतो. आडोसा अशासाठी की, ज्याच्या हाती आपली भाकरी आहे त्याला आपले मत कळले तर आपण मोकळेपणाने मत देणार नाही. दुसरे असे की, फोनमधील सगळेच काही आपले नसते. नावांची यादी आपण एखाद्या ॲपला दिली, की दोनशे शेजारीपाजाऱ्यांचे क्रमांक त्यांना न विचारता देऊन टाकले. कर्ज देणाऱ्या ॲप्सनी ह्या यादीचा काय उपयोग केला, हे येथे बसलेल्यांपैकी काहींना सांगावयास नको. हप्ता चुकला की सासऱ्याला, मुलीच्या शिक्षकाला, दुकानमालकाला फोन जावयाचे. 2 सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेने अशा ॲप्सना नावांची यादी आणि कॉलच्या नोंदी ह्यांना हात लावण्यास मनाई केली. तरी जो सावकार बँकेच्या नियमांत बसतच नाही, त्याला ही मनाई कोण वाचून दाखवणार?

कामगाराच्या दृष्टीने ह्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या माणसांची हजेरी वहीत होई. त्या दुष्काळातूनच रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने देशाला दाखवला. पुढे केंद्राच्या रोजगार हमीवर 1 जानेवारी 2023 पासून हजेरी फोनच्या ॲपवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, त्यावर जागेचा शिक्का. वशिल्याची खोटी हजेरी बंद होईल असे सांगण्यात आले. जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की, लोक फोटोचाच फोटो काढून चढवीत आहेत. खोटेपणा करणाऱ्याला वाट सापडली. जेथे रेंज नाही तेथे दिवसभर राबूनही फोटो न चढलेल्या मजुराला मात्र ती सापडली नाही.

अंगणवाडीच्या भगिनींनी ह्या बाबतीत महाराष्ट्राला धडा घालून दिला. 2019 मध्ये त्यांना सरकारी फोन मिळाले. फोन हलके, थोड्याच दिवसांत गरम होऊन बंद पडणारे. दुरुस्तीचा खर्च पदरचा. आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप इंग्रजीत. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातील सेविकांनी मोर्चे काढून हे फोन सरकारच्या दारात परत नेऊन ठेवले. फोन नाकारला म्हणजे काम नाकारले असे नव्हे. रजिस्टरे भरणे चालूच होते. जे साधन माझ्या भाषेत बोलत नाही आणि ज्याचा भुर्दंड माझ्यावर, ते मी का वागवावे, एवढाच त्यांचा सवाल होता. माझ्या मते त्यातला पुढचा सवाल आपण सर्वांनी विचारला पाहिजे: कामाचे ॲप कामाच्या फोनवर असावे, स्वतःच्या फोनवर नको. घरचा फोन हे घर आहे. साहेबाची हजेरी घरात आली की स्वयंपाकघरापर्यंत जाते.

कायदा काय म्हणतो? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा दावा लावणारे के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायाधीश होते. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. ह्याच कायद्याने सरकारला स्वतःच्या खात्यांना सूट देण्याचे अधिकार ठेवले आहेत, हेही विसरू नये. मात्र लोकांनी ओरड केली तर ती ऐकू जाते. 28 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालावयाचे ठरले होते. देशभर टीका झाली आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली.

कायद्याची वाट पाहत बसण्याऐवजी आज घरी गेल्यावर काय करता येईल, ते सांगतो. ह्यासाठी पैसा लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांचे पान असते, ते शांतपणे वाचावे. विजेरीच्या ॲपला नावांची यादी कशाला हवी? पंचांगाला ध्वनिग्रहण कशाला हवे? जे लागत नाही ते काढून घ्यावे. ॲप बंद पडले तर परवानगी परत देता येते. तेथेच ‘प्रायव्हसी’ आणि त्याखाली ‘ॲड्स’ असे सदर सापडेल, त्यात तो बिल्ल्याचा क्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे. गूगल खात्यात ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ आणि जागेची नोंद, ही दोन्ही बंद करावीत. एक केले आणि दुसरे राहिले तर 2018 ची गोष्ट पुन्हा घडते.

त्यानंतर ॲप्स बदलावीत. गूगलच्या दुकानाऐवजी एफ-ड्रॉइड नावाचे एक दुकान आहे, तेथे केवळ मुक्त ॲप्स मिळतात आणि खाते उघडावे लागत नाही. नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स आहे. तो एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो. त्याचा आधार ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे 2004 पासून लोकांनी वर्गणीसारखा घातलेला जगाचा नकाशा. आपली वाडी त्यात नसेल तर आपणच ती घालावी; जिंतूरकडच्या एखाद्या तांड्याची पायवाट परदेशातल्या कंपनीपेक्षा तेथल्या शाळकरी पोराला अधिक चांगली ठाऊक असते. निरोपांसाठी सिग्नल आहे. व्हॉट्सॲपवरील मजकूरही 2016 पासून कुलूपबंद असतो, परंतु कोण कोणाशी केव्हा बोलला हे कंपनीला कळते. व्हॉट्सॲप सोडाच, असे मी म्हणणार नाही. सारा गाव तेथे आहे, आमच्या सभांच्या नोटिसाही तेथेच जातात. नोटीस तेथे द्यावी. समितीतील चर्चा समोरासमोर करावी.

ज्याला आणखी पुढे जावयाचे असेल त्याने वरचा थर उतरवून ठेवावा. मुक्त थरावर उभ्या राहिलेल्या लिनिएज ओएस, फ्रान्समधील ‘ई’ आणि ग्राफिन ओएस अशा प्रणाली आहेत. शेवटची केवळ गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालते, हा एक विनोदच म्हणावयाचा. अडचण येते ती बँकेची. काही बँकांची ॲप्स अशा फोनवर उघडत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे साधा बटणांचा फोन जवळ ठेवावा. *99# ह्या क्रमांकाने, तसेच मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या यूपीआय 123पे ह्या सोयीने, इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात.

इतके केल्यावरही टॉवर राहतोच. फोन चालू आहे तोवर दूरध्वनी कंपनीला आपण कोणत्या टॉवरखाली आहोत हे कळणारच. त्याखेरीज आपल्याला आलेला फोन ती आपल्यापर्यंत पोहोचवणार कशी? डिसेंबर 2021 पासून ह्या नोंदी निदान दोन वर्षे जपून ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यावर कोणतेही ॲप चालत नाही. फोन घरी ठेवून जाणे हाच उपाय.

प्रणाली बदलणाऱ्यांना दोन सूचना. कुलूप उघडताना फोनमधील सगळे काही पुसले जाते, म्हणून फोटो आणि कागदपत्रे आधी पेनड्राइव्हवर घ्यावीत. आणि डब्यावरील नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या दोन फोनांचा आतला मॉडेल क्रमांक निराळा असू शकतो. सेटिंगमधील ‘अबाउट फोन’ येथे तो पाहून, प्रणालीच्या यादीत तोच क्रमांक असेल तरच कामाला लागावे. चुकीची फाइल चढवली तर फोन पुन्हा चालू होत नाही. नवशिक्याने म्हणूनच आपल्या रोजच्या फोनऐवजी कपाटात पडलेला जुना फोन आधी घ्यावा.