तंजावूरच्या माडांवरची तार

आमच्या तंजावूरच्या बृहदीश्वराचं विमान सुमारे 66 मीटर उंच आहे. आजचा हिशेब तिथूनच सुरू करू.

हौशी रेडिओतल्या 160 मीटर बँडची एक लहर साधारण 160 मीटर लांब असते. डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तार, अर्ध्या लहरीएवढी लागते: जवळजवळ 78 मीटर. तिनं दूर देशी बोलायचं, तर ती जमिनीपासूनही अर्धी लहर वर हवी. म्हणजे देवळाचा कळससुद्धा बुटका पडला!

म्हणून मी 80 मीटर बँड धरला. पट्टुकोट्टैकडे एका स्नेह्याच्या माडांच्या बागेत 20 मीटर तार लावली: 12 मीटर उभी, उरलेली 8 आडवी, शेजारच्या माडाकडे. माड डोलतात, म्हणून दोरी घट्ट बांधली नाही. कप्पीवरून घेऊन टोकाला वाळूचा डबा टांगला. विजेच्या तारांपासून मात्र लांब, हे आधी बघा.

अशा उभ्या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे जमीन. कावेरीच्या खोऱ्यातली ओली माती चांगली खरी, पण तांब्याची जागा ती घेत नाही. बुंध्यापासून चहूकडे 20-20 मीटरच्या सोळा तारा पुरल्या, एकूण 320 मीटर. बघणारे वर बघतात. पैसा खाली मातीत जातो. रात्री युरोप ऐकू यायचा. मदुराई मात्र पुसट.

16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गज चक्रीवादळ आलं. दोन्ही माड आडवे. वीज नाही, मोबाइल नाही.

रात्री चाळीस मीटरचा डायपोल बांबूंवर जेमतेम पाच मीटर उंच ताणला आणि रेडिओ गाडीच्या बॅटरीवर लावला. मदुराई स्वच्छ आली! इतकी खालची तार लहर सरळ आभाळात फेकते. ती आयनांबरावरून परतून आसपासच्या काहीशे किलोमीटरांत पसरते. युरोपसाठी जो दोष, तोच इथं कामाचा. दिवसा आयनांबराचा खालचा थर 80 मीटरची लहर शोषतो, तेव्हा 40 मीटर बँड घ्यायचा. तार निम्मी पुरते.

बागेत नवे माड लावलेत. ते वाढेपर्यंत उभी तार लोखंडी पाइपावर आहे. बांबूंवरची काढलेली नाही.