दिल्या-घेतल्या व्याजातला फरक

ठेवीदाराला दिलेले व्याज आणि कर्जदाराकडून घेतलेले व्याज यांतला फरक ही बहुतेक बँकांची मुख्य कमाई. वर्षभरात मिळालेल्या व्याजातून दिलेले व्याज वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला व्याज मिळवून देणाऱ्या मालमत्तेने, म्हणजे कर्जे, रोखे वगैरेंच्या बेरजेने भागायचे. येणाऱ्या टक्केवारीला निव्वळ व्याज मार्जिन म्हणतात. भारतीय बँकांचे मार्जिन साधारण 3 टक्क्यांच्या आसपास असते. बचत खात्यावर अडीच टक्के मिळवणाऱ्या आणि गृहकर्जावर आठ टक्के भरणाऱ्या ग्राहकाला हा आकडा फार कमी वाटेल. पण बचत खाते हा बँकेकडच्या पैशाचा एक भागच. मोठा वाटा महागड्या मुदत ठेवींचा असतो, शिवाय ठेवींचा काही भाग रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावा लागतो.

समजा, एका बँकेची कर्जे आणि रोखे मिळून 1,000 कोटी रुपयांचे आहेत. व्याजातून 33 कोटी उरले, शुल्क-कमिशनचे 7 कोटी आले. पगार, शाखांची भाडी, संगणक यंत्रणा यांत 22 कोटी गेले; बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी 5 कोटींची तरतूद केली. करपूर्व नफा उरला 13 कोटी. आता मार्जिन केवळ अर्ध्या टक्क्याने उतरले, तर 5 कोटी जातात आणि नफा जवळजवळ 40 टक्क्यांनी घटतो, कारण पगार आणि भाडी काही मार्जिनबरोबर खाली येत नाहीत. अशा बँकेत मालकांचे स्वतःचे भांडवल जेमतेम 80-90 कोटी असते; बाकी पैसा लोकांचा. कर्ज बुडाले की पहिला फटका नफ्यावर बसतो, नफा पुरला नाही की भांडवलावर आणि तेही संपले की ठेवीदारांवर. मार्जिन आटले की या तीनपैकी पहिली भिंतच खचते.

मार्जिन हलते ते मुख्यतः वेळेच्या फरकाने. ठेवी आणि कर्जे यांचे दर एकाच दिवशी बदलत नाहीत. भारतात ऑक्टोबर 2019 पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे, वैयक्तिक कर्जे आणि छोट्या उद्योगांची कर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या) बाह्य दराला बांधावी लागतात आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. मुदत ठेवीचा दर मात्र मुदत संपेपर्यंत कायम. त्यामुळे मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा कर्जाचे हप्ते लगेच वाढले, ठेवींवरचे व्याज सावकाश, आणि बँकांची मार्जिने फुगली. 2025 मध्ये दरकपात सुरू झाल्यावर गाडी उलटी फिरली: कर्जे आधी स्वस्त झाली, जुन्या ठेवींना चढे व्याज देणे सुरूच राहिले.

अमेरिकेतल्या बचत-गृहकर्ज संस्थांची मांडणी याच्या नेमकी उलट होती. त्या अल्पमुदतीच्या ठेवी घेत आणि तीस-तीस वर्षांची, ठरलेल्या दराची गृहकर्जे देत. सरकारने ठेवींच्या व्याजावर कमाल मर्यादा घातली असल्याने हा धंदा सुखाचा होता. 3 टक्क्यांनी ठेवी घ्या, 6 टक्क्यांनी कर्ज द्या आणि दुपारी 3 वाजता गोल्फच्या मैदानावर हजर व्हा, असा विनोदच तिथल्या बँकिंगवर होता. 1979 पासून फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेने महागाई मोडण्यासाठी दर चढवले. 1981 पर्यंत ते 20 टक्क्यांच्या जवळ पोहोचले. ठेवीदार पैसे काढून जास्त व्याजाकडे वळले, त्यांना थोपवायला संस्थांना चढे दर द्यावे लागले, पण हाती होती सहा-आठ टक्क्यांची जुनी गृहकर्जे. मार्जिन शून्याखाली गेले.

खरे नुकसान त्यानंतर झाले. संस्था तेव्हाच बंद करण्याऐवजी 1980 आणि 1982 च्या कायद्यांनी नियम सैल केले आणि ठेव विम्याची मर्यादा 40,000 डॉलरवरून एक लाखावर नेली. भांडवल आधीच संपलेल्या चालकांना गमावण्यासारखे काही नव्हते. विमा असल्याने ठेवीदारही बेफिकीर होते. गेलेले मार्जिन भरून काढायला चालकांनी व्यापारी इमारती आणि मोकळ्या जमिनींच्या धोकादायक कर्जांत पैसा ओतला. 1986 ते 1995 दरम्यान हजाराहून अधिक संस्था बुडाल्या आणि करदात्यांवर सुमारे 124 अब्ज डॉलरचा बोजा पडला. हाच मुदतीचा फरक मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेला भोवला. स्वस्ताईच्या काळात घेतलेल्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांची किंमत दर वाढल्यावर घसरली, आणि 9 मार्च या एका दिवसात ठेवीदारांनी 42 अब्ज डॉलर काढून घेण्याची मागणी केली.

मग मार्जिन जितके जाड तितकी संस्था भक्कम, असे म्हणावे का? तसेही नाही. व्याजाचा चढा दर बहुतेक वेळा कर्जदाराच्या धोक्याची किंमत असते, आणि ती किंमत कर्ज बुडेपर्यंत कमाईसारखी दिसते. आंध्र प्रदेशातल्या 2010 च्या सूक्ष्मकर्ज संकटानंतर रिझर्व्ह बँकेने सूक्ष्मकर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांच्या मार्जिनवर मर्यादा घातली. 2022 मध्ये ती उठवून दर ठरवण्याचे स्वातंत्र्य दिले. ऑक्टोबर 2024 मध्ये मात्र व्याजदर आणि निधी उभारण्याच्या खर्चावरचा फरक अवाजवी ठेवल्याबद्दल चार वित्तसंस्थांना नवी कर्जे मंजूर करायला मनाई करावी लागली. त्याच वर्षात सूक्ष्मकर्जांची थकबाकी वाढत गेली. एकाच घरात तीन-तीन, चार-चार संस्थांची कर्जे साचली होती, आणि फुगलेल्या मार्जिनचा मोठा हिस्सा शेवटी तरतुदींतच गेला.