सांधा खरोखर बदलला काय?

मुंबईहून भुसावळमार्गे खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सावदा व निंभोरा ही स्थानके मागे पडली, की रावेर लागते. केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावच्या फलाटावर उभे राहिले, म्हणजे एखादी मालगाडी मुख्य मार्ग सोडून बाजूच्या रुळांवर थांबते आणि वेगाची गाडी धडधडत पुढे निघून जाते, असा देखावा दिसतो. आगगाडीला सुकाणू नसते. मग ती वळते कशी?

ही किमया सांध्याची. जेथे एका मार्गातून दुसरा मार्ग फुटतो, तेथे दोन निमुळते रूळ बसविलेले असतात. ते एका बाजूस सरकले, की गाडी सरळ जाते. दुसऱ्या बाजूस सरकले, की ती वळते. पूर्वी सांधेवाला जड दांडा ओढून हे काम करीत असे. आता बहुतेक ठिकाणी स्थानकातून आज्ञा मिळताच रुळांशेजारची विजेची मोटर ते करते.

परंतु आज्ञा दिली म्हणजे काम झालेच, असे नव्हे. रुळांच्या फटीत खडीचा एखादा तुकडा अडकला, तर निमुळता रूळ पुरता चिकटत नाही, आणि गाडी घसरण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून सांधा नीट बसला व त्यास कुलूप लागले, की तशी खूण तारेवाटे स्थानकात परत येते. ती आल्यावाचून सिग्नल मोकळा होत नाही. रेल्वेचे कामगार या फटीत ५ मिलिमीटर जाडीची पट्टी मुद्दाम ठेवून यंत्राची परीक्षा घेतात. पट्टी असताना कुलूप लागता कामा नये, आणि खूणही परत येता कामा नये.

ही खूणच खोटी ठरली, तर काय होते? २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात सिग्नल सरळ मार्गाचा मिळाला होता. सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. सिग्नलच्या तारांच्या जोडणीतील चुकीमुळे हे घडले. भरधाव आलेली कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली, आणि त्या अपघातात २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली.

सांध्याची ही विद्या खेळातील आगगाडीवरही शिकता येते. पुण्यास कोथरूडमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या संग्रहालयात अशा चिमुकल्या गाड्या धावताना दिसतात. हल्ली पुष्कळ हौशी लोक आपल्या लहान गाड्यांचे सांधे सांकेतिक आज्ञांनी चालवितात. रुळांतील विजेबरोबरच ‘५ क्रमांकाचा सांधा वळवा’ अशी आज्ञा जाते. प्रत्येक सांध्याजवळची छोटी पेटी ती ऐकते. परंतु जिचा क्रमांक ५, तीच आपली मोटर चालविते.

सांध्याने आज्ञा मानली नाही, तर क्रमाने शोध घ्यावा. प्रथम वीज बंद करून, मोटरीची जोडकाडी सोडवून, रूळ बोटाने सरकवून पाहावा. तो अडला, तर दोष विजेचा नसून कचऱ्याचा आहे. मोटर वाजते पण रूळ हलत नाही, तर जोडकाडी निसटली आहे. मोटर वाजतच नसेल, तर शेजारचा सांधा चालवून पाहावा. तो चालला, तर आपल्या सांध्याची पेटी, तार आणि क्रमांक तपासावा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी; नाहीतर दोष कशात होता, हे कधीच कळत नाही.

एक दोष फार फसवा असतो. सांधा चुकीच्या बाजूस असताना गाडी त्यावर आली, तर तिची धातूची चाके वेगवेगळ्या रुळांना जोडतात, वीज आडवाटेने वाहू लागते, आणि सुरक्षेसाठी सारा प्रवाह आपोआप बंद होतो. आता सांधा वळल्याखेरीज वीज येत नाही, आणि विजेखेरीज सांधा वळत नाही! म्हणून जाणते लोक सांध्यांना निराळी वीज देतात. संकटातून सोडविणारे साधन त्याच संकटात सापडू नये, याची तजवीज आधीच करावी लागते.

रावेरच्या फलाटावर हिरवा सिग्नल दिसला, की एवढे स्मरावे : त्यामागे केवळ दिलेली आज्ञा नाही, ती पुरी झाल्याची खात्रीही आहे. आणि खेळता खेळता रुळांत टाकलेला एक दगड ती खात्री हिरावून घेऊ शकतो, हेही विसरू नये.