बॅरलमधले खडे: मोठे की लहान?

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात गाड्यांचे लहान पार्ट करणारी कितीतरी वर्कशॉप आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात एक बॅरल फिरत असतं. ड्रिल मारल्यावर पार्टच्या कडेला जी धारदार बर राहते, ती त्यात निघते. आत पार्ट, सिरॅमिकचे खडे, पाणी आणि थोडं कंपाउंड. आज आपण या खड्यांच्या साइजबद्दल बोलू.

आधी आत काय चालतं ते बघा. सगळा माल एकदम घासला जातो असं वाटतं, पण तसं नसतं. बराचसा माल भिंतीबरोबर नुसता वर चढतो. खरं काम होतं ते वरून घसरत येणाऱ्या थरात. वेग वाढवला की खडे उडून आपटतात, पार्टवर ठोके पडतात. आणखी वाढवला की सगळं भिंतीला चिकटूनच फिरतं. हा वेग बॅरलच्या व्यासावर ठरतो, खड्याच्या वजनावर नाही. ६० सेंटिमीटरच्या बॅरलला मिनिटाला साधारण ५५ फेरे. डिबरिंग त्याच्या बरंच खाली करायचं.

आता साइज. खडा निम्म्या मापाचा घेतला तर तेवढ्याच वजनात आठपट खडे येतात, एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. पण एकेकाचं वजन एक अष्टमांश. मोठ्याचा दणका, लहानाची पोच. म्हणून तर सिमेंटच्या बॉल मिलमध्ये कप्पे करतात: पहिल्यात क्लिंकर फोडायला मोठे गोळे, पुढच्यात बारीक दळायला छोटे. दोन्ही एकत्र टाकले तर? लहान खडे फटींतून झिरपतात आणि मालाच्या गाभ्यात जमतात. चिवड्याच्या डब्यात चुरा तळाशी जातो ना, तसंच.

पार्टला होल असलं की खरी गोम. ८ मिलिमीटरच्या होलला १० मिलिमीटरचे खडे निवडले, आत शिरत नाहीत, छान. पण खडा झिजतो. झिजत झिजत ८ वर आला की नेमका होलात घट्ट बसतो. ब्रेकच्या किंवा ऑइलच्या वाटेत असा खडा राहिला तर काय होईल, ते सांगायला नको.

बऱ्याच ठिकाणी पातळी उतरली की नव्या खड्यांची गोणी वरून ओततात. आमच्या मते हीच सवय सगळ्यात महागात पडते, कारण मग बॅरलमध्ये १० पासून भुगा होईपर्यंतचं प्रत्येक माप कायम हजर असतं. आधी ९ च्या जाळीने चाळायचं, खाली पडेल ते दुसऱ्या कामाला ठेवायचं, मगच भर घालायची. आणि चाळलं तरी प्रत्येक होलात पिन घालून बघायचीच.