धावणारे आणि पाहणारे

आमच्या भंडारा जिल्ह्यात धान घरात आलं, की शंकरपटाचे दिवस येतात. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री झाडीपट्टीचं नाटक. माझे आजोबा पटाचे मोठे शौकीन. जोडीचा खुराक आणि मेहनत ते दोन महिने स्वतः बघत; पण शेवटचे आठ दिवस बैलांना अजिबात पळवत नसत. "पळणं अंगात साठलं पाहिजे," म्हणायचे.

हे आजोबा मला अचानक आठवले ते अमेरिकेत, शिकागोच्या सरोवराकाठी.

२०२३ च्या जूनमध्ये मी आणि सौ. लेकीकडे गेलो होतो. २०१४ पासून बैलांच्या शर्यतींचं भिजत पडलेलं घोंगडं सर्वोच्च न्यायालयानं नुकतंच, १८ मे रोजी, शर्यतींच्या बाजूनं निकाली काढलं होतं. निघताना गावात तीच चर्चा. तिकडे पोचतो तर लेक म्हणाली, "बाबा, मी ऑक्टोबरात मॅरेथॉन धावणार आहे."

बेचाळीस किलोमीटर! वय छत्तीस, नोकरी, घर, शाळकरी मुलगा. मी बँकेत जन्म काढलेला माणूस, कर्जाचा अर्ज बघावा तसा तिच्याकडे बघत विचारलं, "यातून मिळणार काय?"

"पदक. शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मिळतं."

मला हा व्यवहार काही पटला नाही.

अठरा आठवड्यांचं वेळापत्रक तिनं फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. आठवड्यात तीन दिवस थोडं धावायचं आणि रविवारी लांब पल्ला. तो दर रविवारी वाढत जायचा. मिशिगन सरोवराच्या काठानं जवळजवळ तीस किलोमीटरचा पायरस्ता आहे. पहाटे तिथे माणसांची रीघ असते. मी पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसायचो.

शिकागोचा हिवाळा इतका लांब, की उन्हाळ्याचा एकही रविवार लोक वाया घालवत नाहीत. पण त्या वर्षी आरंभच विचित्र झाला. जूनच्या अखेरीस कॅनडातल्या वणव्यांचा धूर शहरावर उतरला. समोरच्या इमारती दिसेनात. लेकीचं धावणं बंद. पाठोपाठ २ जुलैला ग्रँट पार्कच्या भोवती, भर शहरातल्या रस्त्यांवर, मोटारींची शर्यत ठेवलेली. तर आपल्याकडच्यासारखा धो धो पाऊस! चार तारखेला स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी, ऑगस्टात सरोवरावर विमानांच्या कसरती. सप्टेंबरात तिथल्या मराठी मंडळींचे गणपती. आरतीला उभी असलेली लेक हळूच पायाच्या पोटऱ्या चोळत होती, हे मी पाहिलं.

या सगळ्यात माझ्या लक्षात राहिली ती ऑगस्टातली बड बिलिकेन मिरवणूक. १९२९ पासून कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ती निघते. शाळा सुरू होण्याआधीचा हा मुलांचा सण. पोरं ढोल वाजवत, नाचत जातात आणि दुतर्फा घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले लोक त्यांना ओरडून शाबासकी देतात. आपलं पोर, परकं पोर, असा भेदच नाही.

तिथे उभा असताना मला साकोली आठवली. १९९९ साल. लेक सातवीत, तालुक्याच्या शर्यतीत धावणार होती. "याल ना?" म्हणून तिनं चारदा विचारलं होतं. त्या दिवशी शाखेत तपासणी लागली आणि मी गेलो नाही. संध्याकाळी तिनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. असे दिवस एक नव्हे, बरेच होते.

परमुलखात धावणाऱ्याचं कसं होत असेल? बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. तो मार्ग आजच्याहूनही लांब होता, ४२.७५ किलोमीटर. दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत चौगुल्यांनी तो पार केला, एकोणिसावे आले. त्या अनोळखी रस्त्यावर त्यांना मराठीत हाक मारणारं कोणी असेल का, असं माझ्या मनात येई.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी लेक बत्तीस किलोमीटर धावली आणि मग वेळापत्रकातले आकडे एकदम घटले. "आता कमीच धावायचं, बाबा. ताकद साठवायची." आजोबा आठवले ते इथे.

८ ऑक्टोबरला सकाळी मी आणि नातू मेक्सिकन लोकांच्या पिल्सेन वस्तीत जाऊन उभे राहिलो. तिथवर एकोणीसेक मैल होतात. पाय तिथेच बोलायला लागतात म्हणे. केनियाचा केल्विन किप्टम पुढून गेला तो पापणी लवेपर्यंत दिसेनासा झाला. दोन तास पस्तीस सेकंदांचा त्याचा विश्वविक्रम घरी गेल्यावर कळला. चारच महिन्यांनी, २४ व्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला, हे वाचलं तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं.

त्यानंतर माणसांचा पूर लोटला. चाळीस हजारांवर माणसं. वस्तीतले लोक त्यांच्या छातीवरची नावं वाचून वाचून ओरडत होते. दुपारी बाराच्या सुमारास लेक दिसली. मान खाली, पाय ओढत. बँकेत कधी चढ्या आवाजात न बोललेला मी, पटात आजोबा ओरडत तसा ओरडलो, "चाल बाई, चाल!" तिनं मान वर केली, क्षणभर थांबली, हसली आणि पुढे गेली.

रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. गळ्यात पदक. सहज म्हणाली, "साकोलीला मी पुढे होते, बाबा. तुम्ही आलात का ते बघायला फाटकाकडे वळले आणि दुसरी आले."

मी काय बोलणार?

"आजही तुमच्यासाठी थांबले. सात-आठ सेकंद गेले असतील," ती हसून म्हणाली. "जाऊ द्या."

मी पाणी बदलून आणलं.